चार-पाच चित्रकारांनी मिळून मुंबईत सामायिक स्टुडिओ घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, कलाशाळेतून नुकतेच बाहेर पडलेल्या चार-पाच मित्रांनी मुंबईत मिळून स्टुडिओ भाड्याने घ्यावा का, आणि पैशांची बचत सोडली तर त्याचा कामाला काही लाभ होतो का. मी चित्रकार आहे आणि गेली नऊ वर्षे अशाच सामायिक जागेत काम करते आहे. माझे उत्तर असे आहे की जरूर घ्यावा, पण पैसे वाचतील या एकाच आशेने घेऊ नये. अनामत रक्कम, वीज, देखभाल आणि दर अकरा महिन्यांनी वाढणारे भाडे धरले तर वाचणारी रक्कम वाटते तेवढी मोठी नसते. खरा लाभ हा की, अपुरे असलेले चित्र जाणत्या डोळ्यांसमोर रोज उभे राहते.

मुंबईने याचा एक फार मोठा अनुभव घेतलेला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत वॉर्डन रोडवर, समुद्राच्या अगदी कडेला, आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावाची बाजू मांडणारे वकील भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालत असे. त्यांच्या सूनबाई माधुरीबेन देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी तेथील खोल्या कलावंतांना नाममात्र भाड्याने कामासाठी दिल्या होत्या. चित्रकार एम. एफ. हुसेन तेथे काम करत, वासुदेव गायतोंडे यांचा स्टुडिओ तेथेच होता, आणि प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, याही त्याच स्टुडिओत चित्रे काढत. चित्रकार नसरीन मोहमदी यांची गायतोंडे यांच्याशी ओळख याच वास्तूत झाली. चित्रकार नलिनी मलानी यांना तर जे. जे. कलाशाळेत शिकत असतानाच, १९६४ ते १९६७ या काळात, तेथे जागा मिळाली होती. त्याच आवारात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या ‘थिएटर युनिट’ या नाट्यसंस्थेच्या तालमी होत, रविशंकर यांची ‘किन्नरा’ ही संगीतशाळा भरे, विजया मेहता यांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेचे प्रयोग होत आणि बाल छाबडा यांची ‘गॅलरी ५९’ ही होती. गायतोंडे यांच्यासारखा अत्यंत अबोल, वर्षाला मोजकीच चित्रे करणारा माणूस अशा गजबजलेल्या ठिकाणी काम करत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकांत हवा असलेल्या कलावंताला सामायिक जागा मानवत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. दार लावून घेण्याची मुभा मात्र असली पाहिजे.

आता माझा अनुभव सांगते. आमचा गाळा मध्य मुंबईतील एका जुन्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. शेजारी पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना आणि खाली छपाईचे यंत्र. आम्ही चौघे आहोत: दोन चित्रकार, एक मुद्राचित्रकार (पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप काढणारी) आणि एक शिल्पकार. तीन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कॅनव्हासवर दोन महिने काम करत होते आणि वरचा भाग जमला असूनही चित्र उभे राहत नव्हते. एका दुपारी आमची मुद्राचित्रकार मैत्रीण हातातल्या जस्ताच्या पत्र्यावरची शाई टार्लटनच्या विरळ कापडाने पुसत माझ्या मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “खालचा हा पट्टा तू घाबरून रंगवला आहेस.” ती आपल्या प्रेसकडे परत गेली. मी तो पट्टा संध्याकाळपर्यंत खरवडून काढला आणि चित्र पुढच्या आठवड्यात पूर्ण झाले. प्रदर्शनात येणारा माणूस पूर्ण झालेल्या चित्राबद्दल बोलतो, तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असते. घरी एकटीने काम करताना हे वाक्य मला कोणीही ऐकवले नसते.

दुसरा लाभ साधनांचा. एचिंगची, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छाप काढण्याची, प्रेस, अ‍ॅसिडचे पात्र, धूर बाहेर ओढणारा पंखा, मोठे सिंक या गोष्टी एकट्याला परवडत नाहीत आणि राहत्या घरात ठेवताही येत नाहीत. याच मुंबईत १९६९मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कलावंतांची सामायिक कार्यशाळा सुरू केली, तेव्हा चित्रकारांच्या हाती कॅमेरा आला आणि नलिनी मलानी यांनी आपले सुरुवातीचे चित्रपट तेथे केले. साधन शेजारी असले की माणूस ते हाताळून पाहतो. मीही मैत्रिणीच्या प्रेसमुळेच मुद्राचित्रांकडे वळले.

अडचणींपैकी सर्वांत मोठी अडचण जागेच्या मालकीची आहे. भुलाभाई इन्स्टिट्यूटचा बंगलाही अखेर पाडला गेला. आमच्या पहिल्या गाळ्याचा व्यवहार तोंडी विश्वासावर ठरला होता. मालकाने तो विकला आणि ऐन जुलैत आम्हाला तीन आठवड्यांत बाहेर पडावे लागले. प्रेस ताडपत्रीत गुंडाळून हमालांनी खाली उतरवली, पण कागदाचे गठ्ठे भिजले आणि माझ्या दोन वर्षांच्या रेखाटनांवर बुरशी आली. ते नुकसान मला अजून सलते. म्हणून लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या, त्यात सर्वांची नावे घाला आणि मुदतीआधी जागा सोडायला लावल्यास किती दिवसांची सूचना द्यायची ते लिहून घ्या. तीन महिन्यांचे भाडे सामायिक खात्यात शिल्लक ठेवा, कारण कोणीतरी एक जण कधीतरी निवासी शिष्यवृत्तीवर जाणार किंवा नोकरी धरणार, हे निश्चित आहे.

आपसांतले नियम थोडेच असावेत, पण ते पहिल्या दिवशी ठरावेत. कोणती भिंत कोणाची, अ‍ॅसिडचे काम किती वाजता, टर्पेंटाइनची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकायची, आणि न विचारता दुसऱ्याच्या कामावर बोलायचे की नाही. हिशेब ठेवण्याची पाळी दर सहा महिन्यांनी बदलावी. आमच्याकडे पहिली चार वर्षे एकाच मित्राने ते ओझे वाहिले आणि त्या काळात त्याची चित्रे जवळजवळ थांबली. हे आमच्या लक्षात फार उशिरा आले, याची मला खंत आहे.

गाळा पाहायला शक्यतो पावसाळ्यात जा, भिंतींना हात लावून ओल तपासा, उत्तरेचा उजेड कोणत्या खिडकीतून येतो ते पाहा आणि लिफ्टच्या दाराची उंची मोजा. आमच्या लिफ्टमध्ये सहा फुटांचा कॅनव्हास मावत नाही, त्यामुळे तो आम्ही जिन्यानेच वर-खाली नेतो आहोत, दोघे पुढे आणि दोघे मागे.