थडग्याआधी चूल बघ
दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतभागाच्या पुरातत्त्वाचा अभ्यास सुरू करतोयस, तर सोन्याचे मुखवटे आणि ममी यांच्या आधी चुलीतली राख, खरकटी हाडं आणि फुटकी खापरं बघ. पेरूतल्या सेरो बाऊल डोंगरावर इंकांच्या आधीच्या ‘वारी’ संस्कृतीच्या लोकांची चिचा (मका, मोयेची फळं वगैरे आंबवून केलेलं मद्य) बनवायची मोठी जागा सापडली, तिथे मोये झाडाच्या बियांचा खच पडला होता. ठिकाण सोडताना त्यांनी मेजवानी केली, पेले फोडले आणि इमारत पेटवून दिली. पिणं आणि निरोपाचा विधी एकाच थरात सापडतात ते असे.

केस तर अजिबात सोडू नकोस. १९९९ मध्ये अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयायाको शिखरावर सापडलेल्या, बळी दिलेल्या साधारण १३ वर्षांच्या इंका मुलीच्या केसांत तिचं शेवटचं वर्ष वाचता येतं: मका आणि मांस वाढलं, कोका (चघळायची उत्तेजक पानं) आणि मद्यही वाढलं. कोकाची पानं तर तोंडातच होती. बळीची तयारी किती आधी सुरू झाली हे वेणीवरून कळतं, आणि मला ते आजही अस्वस्थ करतं.

मात्र हाडांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचं) प्रमाण बघून लगेच ‘मका’ म्हणू नकोस. राजगिराही तशीच खूण सोडतो, किनाऱ्याकडे मासेही गोंधळ घालतात. दातांवरच्या कीटणातले पिष्टकण (स्टार्चचे कण) आधी तपासून घे.