वाचक विचारतात : मुलाकडे डॅलसला निघालोय, टेक्सास किती पाहून होईल?

प्रश्न : मुलगा डॅलसजवळ राहतो. आम्ही दोघं (वय ६६ आणि ६२) सप्टेंबरअखेर दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. त्याला सलग पाचच दिवस सुट्टी मिळेल. त्यात ऑस्टिन, सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन, गॅल्व्हेस्टन, बिग बेंड आणि शेवटी डॅलस-फोर्ट वर्थ असं बसवलंय. काही राहून जात नाही ना? मुलगा तर म्हणतो, टेक्सासमध्ये पाहण्यासारखं फारसं नाहीच.

उत्तर : आधी बिग बेंड राष्ट्रीय उद्यानावर काट मारा. मनापासून आवडणारी जागा आहे, तरीही सांगते. डॅलसहून तिथे पोचायलाच नऊ तासांच्या आसपास लागतात. टेक्सासचं क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. ह्यूस्टनपासून पश्चिम टोकाचं एल पासो जवळजवळ १,२०० किलोमीटर, आणि तिथे घड्याळही एक तास मागे करावं लागतं.

मी १३ वर्षं ह्यूस्टनला होते. पहिल्या वर्षी सासूबाई आल्या तेव्हा आम्हीही असाच बेत आखला होता, रोज नवं शहर. परतताना त्यांनी गाडीत विचारलं, "त्या मधल्या गावात आपण उतरलो होतो का गं?" उतरलो होतो, पण जेवणापुरतेच. तो प्रश्न मला अजून टोचतो. म्हणून पाहुण्यांना माझा एकच आग्रह असतो : टेक्सासमध्ये शहरं मोजू नका, गाडीतले तास मोजा. दिवसाला चारच्या वर गेले की त्या दिवशी तुम्ही फक्त रस्ता पाहिलात.

डॅलस आणि फोर्ट वर्थही त्या पाच दिवसांतून काढा. तुम्ही दोन महिने तिथेच आहात, त्यासाठी मुलाची सुट्टी कशाला खर्च करायची? मग उरतात ऑस्टिनला एक रात्र, सॅन अँटोनिओला दोन, ह्यूस्टनला एक, आणि पाचव्या दिवशी घर.

डॅलस ते ऑस्टिन सव्वातीनशे किलोमीटर. वाटेत वेस्ट नावाचं छोटं गाव लागतं. नाव वेस्ट असलं तरी ते पश्चिमेला नाही. चेक लोकांनी वसवलेल्या या भागात कोलाची नावाचा गोड, मऊ पाव मिळतो, मधे जर्दाळू किंवा चीज भरलेला. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, सॉसेज भरलेलेही त्याच काचेत मांडलेले असतात.

ऑस्टिनला दुपारी पोचा आणि संध्याकाळी काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलावर जाऊन उभे राहा. १९८० साली या पुलाचं नूतनीकरण झालं तेव्हा खालच्या बाजूला ज्या अरुंद फटी राहिल्या, त्या वटवाघळांना नेमक्या मानवल्या. गावाला आधी भीती वाटली, त्यांना हुसकून लावा अशी मागणी झाली. मग वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल यांनी लोकांना पटवून दिलं की हे जीव कुणाच्या वाटेला जात नाहीत, उलट रात्रभर किडे खातात. आज उन्हाळ्यात तिथे सुमारे १५ लाख वटवाघळं असतात. ऑक्टोबरमध्ये ती मेक्सिकोकडे जायला लागतात, म्हणून हा प्रवास ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा. सूर्य मावळताना पुलाखालून आधी थोडी, मग धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात. एखाद्या दिवशी अंधार पडेपर्यंत निघत नाहीत, म्हणून पाठोपाठ दुसरं काही ठरवू नका.

सॅन अँटोनिओला दोन रात्री ठेवल्यात त्या आलामोसाठी, म्हणजे पुढे किल्ला झालेल्या जुन्या मिशनसाठी (धर्मप्रसाराच्या ठाण्यासाठी), नाहीत. आलामो अवश्य पाहा. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होता आणि इथे मेक्सिकोविरुद्ध बंड चाललं होतं. १८३६ साली १३ दिवसांच्या वेढ्यानंतर ६ मार्चला सांता आनाच्या मेक्सिकन सैन्याने ते घेतलं आणि आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले. पुढच्याच महिन्यात सांता आना हरला, आणि १८४५ च्या डिसेंबरात अमेरिकेत सामील होईपर्यंत टेक्सास स्वतंत्र देश होता. पण वास्तू लहान आहे, भोवती शहर दाटलंय, तासाभरात होते. चर्चमध्ये शिरायला पैसे नाहीत, वेळ मात्र आधी नोंदवावी लागते.

खरा दिवस द्या तो नदीकाठाने दक्षिणेकडे गेलेल्या चार मिशनांना : कन्सेप्सियोन, सॅन होसे, सॅन ह्वान आणि एस्पादा. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी अठराव्या शतकात ही ठाणी उभारली, आणि ती बांधली ती इथल्याच मूळ रहिवाशांच्या हातांनी. त्या लोकांना इथे धर्म बदलायला लावला गेला. बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची वस्तीच्या वस्ती गेली. सॅन होसेच्या तटाला आतून चिकटलेल्या त्यांच्या खोल्या आहेत, त्यांच्यात डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका. आलामोसह या पाचही मिशनांना २०१५ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. या चार ठिकाणी आजही रविवारी प्रार्थना होते.

आणि एस्पादाचा पाट! हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. स्पॅनिशमध्ये त्याला असेकिया म्हणतात, पण नदीला बांध घालून उतारावरून शेतात नेलेलं पाणी म्हणजे आपला पाटच. शेतकऱ्यांना पाणी मिळायचं तेही पाळीने, ठरलेल्या वेळी. हा पाट एका ओढ्यावरून दगडी कमानींच्या मोरीतून नेलाय, आणि पावणेतीनशे वर्षांनंतरही त्यातून पाणी वाहतंय. माझे वडील पाटकरी होते. त्यांना मी तिथे नेलं तेव्हा ते इंग्रजी पाटी न वाचताच खाली बसले, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "उतार बरोबर धरलाय." पुढे अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. तुमच्या मुलाला हा पाट दाखवा, मग त्याला विचारा टेक्सासमध्ये पाहण्यासारखं आहे की नाही.

रात्री रिव्हर वॉकला जा. नदीकाठची ही वाट रस्त्याच्या एक मजला खाली आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, नाहीतर दगडी जिने पुरे दमवतात.

ह्यूस्टन शहर सोडलंत तरी चालेल, मी तिथे इतकी वर्षं काढूनही हे सांगते. पण नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरला लागून असलेलं स्पेस सेंटर ह्यूस्टन सोडू नका. ११० मीटर लांबीचं, चांद्रमोहिमांसाठीचं सॅटर्न ५ रॉकेट तिथे आडवं ठेवलंय. उड्डाणासाठी बनवलेल्या खऱ्या भागांचं आहे ते, शोभेची प्रतिकृती नाही. अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातला नियंत्रण कक्ष पूर्वी होता तसा २०१९ मध्ये पुन्हा लावलाय, अगदी टेबलांवरच्या ॲशट्रेंसकट. त्या कक्षासाठी वेगळी वेळ घ्यावी लागते, ती तिकिटाबरोबरच घ्या. कल्पना चावला इथूनच तयारी करून गेल्या होत्या. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतीच्या वाटेवर याच राज्याच्या आकाशात फुटलं, त्याचे तुकडे पूर्व टेक्सासच्या रानात पडले. तुमच्या मुलाच्या घराजवळच्या आर्लिंग्टनमधल्या विद्यापीठातून त्यांनी १९८४ मध्ये एम.एस. केलं होतं.

तिथून तासाभरात गॅल्व्हेस्टन. समुद्राचं पाणी गढूळ असतं, निळ्या किनाऱ्याची आशा धरून जाऊ नका. पाहायचं ते वेगळं आहे. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात या बेटावर किमान ६,००० माणसं गेली. उरलेल्यांनी गाव सोडलं नाही. समुद्राला भिंत बांधली आणि दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळूचा गाळ भरला, अख्खं गाव उंच केलं. जुन्या घरांच्या रस्त्यांवरून चालताना हे आठवत राहा. पाय दुखले तर बोलिव्हारला जाणाऱ्या फुकट फेरीबोटीत बसा, डॉल्फिन दिसण्याची शक्यता बरीच असते.

आता उरलेले दिवस, मुलगा कामावर असतानाचे. डॅलसच्या युनियन स्टेशनवरून फोर्ट वर्थला ट्रिनिटी रेल्वे एक्सप्रेस जाते, रविवार सोडून. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, रोज साडेअकराला आणि चारला लांब शिंगांचे बैल रस्त्यावरून नेतात. पाच-दहा मिनिटांचा खेळ, पण आवडेल. माझं मन मात्र किंबेल संग्रहालयात अडकलंय. अहमदाबादचं आयआयएम ज्यांनी बांधलं त्या लुई कान यांची ही १९७२ ची इमारत. कमानीच्या छताला मधोमध फट आहे, तिच्यातून ऊन आत येतं आणि काँक्रीट चंदेरी दिसतं. मायकेलअँजेलोने बाराव्या-तेराव्या वर्षी रंगवलेलं चित्र तिथे आहे. कायमचा संग्रह विनामूल्य, सोमवारी बंद.

डॅलसमध्ये डीली प्लाझासमोरचं सहाव्या मजल्यावरचं संग्रहालय पाहा. २२ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर तिथूनच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या खिडकीच्या शेजारून खालचा रस्ता किती जवळ दिसतो, ते छायाचित्रांवरून कळत नाही.

प्रश्न : बिग बेंडला जायचंच असेल तर कधी आणि कसं?

उत्तर : नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात नदीकाठी पारा ४० च्या वर जातो. किमान तीन रात्री हव्यात. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्या आणि पाणी मागच्या सीटवर ठेवा, डिकीच्या तळाशी नको. रिओ ग्रांदे ही मेक्सिकोची हद्द, त्यामुळे उत्तरेकडे परतताना सीमा गस्तीची चौकी लागते. मूळ पासपोर्ट हाताशी असू द्या. तिथे दोनच गोष्टी जमल्या तरी प्रवास फळाला आला समजा : सांता एलेना दरीत साडेचारशे मीटर उंच कातळांमधून दुपारनंतर चालणं, आणि अमावास्येच्या आसपास एक रात्र आकाशाखाली बसणं. आकाशगंगा तिथे शोधावी लागत नाही.

प्रश्न : मुलगी ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकते. तिच्याकडे गाडी नाही. चार दिवस काय पाहू?

उत्तर : विद्यापीठाच्याच आवारात हॅरी रॅन्सम सेंटर आहे, तिथे गुटेनबर्ग बायबल (खिळे जुळवून छापलेलं युरोपातलं पहिलं मोठं पुस्तक) आणि फ्रेंच संशोधक निएप्सने काढलेलं, आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र आहे. प्रवेश विनामूल्य. छायाचित्रासमोर थोडं डावी-उजवीकडे सरकत राहा, एका कोनातच त्यातली छपरं दिसतात. तिथून चालत कॅपिटल, म्हणजे टेक्सासचं विधानभवन, १८८८ ची लालसर ग्रॅनाइटची इमारत, वॉशिंग्टनच्या कॅपिटलपेक्षाही उंच. एक सकाळ बार्टन स्प्रिंग्जच्या झऱ्याला द्या. पाणी बाराही महिने २० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा पोहायचा पोशाख विसरू नका. गुरुवारी मात्र तो दिवसभर साफसफाईला बंद असतो.