पेनड्राइव्हवरचा 'फुकट' स्टुडिओ

प्रश्न : मी १९ वर्षांचा, बार्शीचा. हलगी-संबळाचे ट्रॅक करून यूट्यूबवर टाकतो. मित्राने एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे चोरटी प्रत दिलीय. त्यात लिहिलंय, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' टाकू का? विकत घ्यायला पैसे नाहीत.

उत्तर : नको रे बाबा. चोराने 'आधी कुत्रा बांधा' म्हणावं आणि आपण बांधावा, तसं आहे ते!

हे मी स्वतः करून बसलोय. ज्येष्ठात एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. आठवडाभर लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता, मला वाटलं प्लगिन (आवाजाचे जोड-प्रोग्राम) जास्त झाले. मग एका सकाळी पखवाजाच्या, टाळाच्या, सगळ्या फायलींच्या नावापुढे भलतीच चार अक्षरं, आणि डॉलरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्डडिस्क लॅपटॉपलाच लावलेली, तीही गेली. बुवा वारीहून परतले ते घसा बसवून. ते रेकॉर्डिंग पुन्हा झालंच नाही.

पंख्यावरूनही कळत नाही, कारण आपलं काम मुळातच प्रोसेसर तापवणारं. २०१९मध्ये अँटिव्हायरसवाल्या ईसेट कंपनीने लाउडमायनर नावाचा घातक प्रोग्राम पकडला, तो नेमका याच आडोशाने एबलटन आणि सायलेंथ या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींतून पसरत होता. लोक गाणी करत होते, आत त्यांच्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो (आभासी चलन) खणलं जात होतं.

कायद्याचंही सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद न देता दंडावर सोडू शकतं. तुझ्या चॅनलला पैसे येतात का, ते तूच बघ.

आता पैशाचं. एफएलच हवं तर त्यांचंच ट्रायल घे. सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत नीट उघडत नाही, पण तयार आवाजाची वेव्ह फाइल काढता येते. एका बैठकीत बीट संपव, प्रत्येक वाद्य वेगळं काढ आणि पुढची जुळणी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कर. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर लहान कमाईवाल्यांना परवाना ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर. एका मंडळाच्या सुपारीत निघेल. तेही नको तर 'वेव्हफॉर्म फ्री' आणि 'एलएमएमएस' ही फुकटची सॉफ्टवेअरं आहेत. सिंथसाठी (कॉम्प्युटरवर बनवलेल्या सुरांसाठी) व्हायटल आणि सर्ज एक्सटी फुकट आहेत. संबळ मात्र रेडीमेड आवाजांच्या पॅकमधला घेऊ नकोस. गावातला वाजवणारा बोलाव, मोबाईल दोन हात लांब ठेव आणि खरा घे.

क्रॅक आधीच टाकला असशील तर नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही. गाण्यांच्या फायली तेवढ्या बाजूला काढ, विंडोज नव्याने टाक, आणि यूट्यूबचा पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बदल. सगळीकडून लॉगआउटही कर. ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरीला गेलं असेल तर ओटीपीही विचारला जात नाही.