सिस्टरनी सही घेतली, आता भरपाई बुडाली का?

प्रश्न: चाकणच्या प्रेस शॉपमध्ये ऑगस्ट 2025 मध्ये माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. वय 30, पगार 24,000. कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टर दर तपासणीला सोबत येतात, डॉक्टरांशी त्याच बोलतात. आता म्हणतात, हलक्या कामावर या. 'आणखी मागणी नाही' अशा कागदावर त्यांनी सहीही घेतली. एचआर म्हणतात, 1 लाख 10 हजारांचं हॉस्पिटल बिल भरपाईतच धरलंय. मी काय करू?

उत्तर: त्या सहीची धास्ती सोडा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 नुसार भरपाईचा हक्क सोडणारा करार रद्दबातल असतो. नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आली. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा धरायचा. पगार 21,000 च्या वर असल्याने ईएसआय (सरकारी कामगार विमा योजना) तुम्हाला लागू दिसत नाही. पगारपत्रकात ईएसआयची कपात असेल तर मात्र मला लगेच कळवा, मग रस्ताच वेगळा.

बिलाचं म्हणाल तर उपचाराचा खर्च मालकानेच करायचा असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. हे कलम 4 मध्येच आहे, एचआरना दाखवा.

खरी मेख केसपेपरात आहे. दोन पेरं गेली तर कायद्याच्या अनुसूचीत कमाईची क्षमता 11 टक्के घटली असं धरतात. हाड शाबूत राहून नुसतं टोक गेलं तर 5. हिशेबाला पगार 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले तुमच्या वयाचा गुणांक 207.98, आणि त्याचे 11 टक्के: सुमारे 2,05,900 रुपये. 5 टक्क्यांनी हेच 93,591 होतात. सिस्टरनी रजिस्टरात 'बोटाच्या टोकाला इजा' असं लिहिलं असेल, तर लाखाचा फरक तिथेच पडतो.

सिस्टरवर राग धरू नका. ड्रेसिंग, अपॉइंटमेंट, बिलं त्या सांभाळतात आणि खर्च आटोक्यात ठेवायला कंपनीने त्यांना नेमलंय. पण कामावर कधी जायचं हे डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटवर ठरतं, सिस्टरच्या फोनवर नाही. तपासणीच्या वेळी 'सिस्टर, जरा बाहेर थांबा' असं सांगायला संकोचू नका.

ऑपरेशनच्या नोंदी आणि एक्स-रे लेखी अर्ज देऊन मागा. डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात. कंपनीच्या रजिस्टरातल्या नोंदीचा फोटो जमेल तेव्हा काढून ठेवा. मग कंपनीला नोटीस द्या आणि पैसे आले नाहीत तर अपघातापासून दोन वर्षांच्या आत याच कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करा. भरपाई देय झाल्यावर महिनाभरात न दिल्यास 12 टक्के व्याज लागतं, तेही नोटिशीत लिहा.