नटांशी कसं बोलायचं हे शिकायचंय? मग रशेस बघ

दिग्दर्शनावरची पुस्तकं नंतर वाच. आधी 'द नाइट ऑफ द हंटर' (1955) बघ आणि पाठोपाठ त्याचे शिल्लक राहिलेले रशेस, म्हणजे शूटिंगचं न कापलेलं कच्चं फुटेज. चार्ल्स लॉटनच्या नावावर दिग्दर्शक म्हणून हा एकच चित्रपट आहे. रशेस त्याच्या पत्नीनं, एल्सा लँचेस्टरनं, सांभाळले. पुढे जुन्या चित्रपटांचं जतन करणाऱ्या रॉबर्ट गिट यांनी त्यातून सलग बघता येईल असा माहितीपट केला.

त्यात लॉटनच्या आवाजाकडे लक्ष दे. टेक फसला तरी तो कॅमेरा चालूच ठेवतो. मागूनच सूचना देतो आणि नट त्याच भावनेत असताना पुन्हा घेतो. समोरच्या पात्राची वाक्यंही बऱ्याचदा तोच म्हणतो. चिमुकल्या सॅली जेन ब्रूसला वाक्य कसं म्हणायचं ते म्हणून दाखवतो, लगेच तिच्याकडून म्हणवून घेतो. लॉटनला मुलं आवडत नसत, ती सगळी मुख्य नट रॉबर्ट मिचमनं सांभाळली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हे फुटेज बघितलं की ते अजिबात पटत नाही.

चॅप्लिनची तऱ्हा वेगळी. 'द इमिग्रंट'मधला (1917) वेटर आधी हेन्री बर्गमन करत होता. प्रसंगाला धार येईना, तेव्हा चॅप्लिननं धिप्पाड एरिक कॅम्पबेलला उभं केलं. कधीकधी सूचना नाही, नटच बदलावा लागतो.

लॉटनच्या रशेसमधला एक टेक निवड. पहिल्यांदा आवाज बंद करून नटाचे फक्त डोळे बघ, मग आवाज लावून दिग्दर्शकाच्या कोणत्या शब्दानंतर ते बदलले ते वहीत टिपून ठेव.