एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेल रेल्वे लेआउटवर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची आहेत. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे एकाच रुळावरून प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी पद्धत) कसं बसवायचं आणि प्रोग्राम कसं करायचं?

तुम्ही मिरज जंक्शनचा लेआउट करताय आणि डीसी कंट्रोलरवर दोन्ही इंजिनं एकदमच पळतात, असं लिहिलंय. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, माडीवर माझाही हाच उद्योग चालतो. म्हणून इथं बसून जे जमतं तेच सांगतो.

तयार सिस्टीम बघण्याआधी इंजिन उघडा. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्यातल्याच पल्समधून हुकूम जातात: अर्धा पल्स ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर १, १०० किंवा जास्त असला तर ०. आपल्या पत्त्यावरचा (म्हणजे इंजिनाला दिलेल्या नंबरवरचा) हुकूम डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेलं छोटं सर्किट, उचलतो आणि मोटर तोच फिरवतो. म्हणून मोटरचे दोन्ही ब्रश चाकांपासून आणि चेसिसपासून पूर्ण सुटे हवेत. मल्टिमीटर लावा, बीप आला तर डिकोडर जळालाच समजा. आठ पिनांचा सॉकेट असेल तर काम सोपं, जुन्या इंजिनांत मात्र सोल्डरिंग आलंच.

कमांड स्टेशनसाठी, म्हणजे रुळावर हुकूम पाठवणाऱ्या यंत्रासाठी, मी आर्डुइनो मेगा हा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारा मोटर शील्ड हा पॉवर बोर्ड आणि डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर सुचवेन. शील्डचा व्हिन (सप्लायची पिन) मेगापासून तोडायला विसरू नका. १२ ते १४ व्होल्टचा डीसी सप्लाय पुरे; लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला अडॅप्टर नको. जुना कंट्रोलर त्याच रुळांना जोडलेला ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. टेबलाखालून दीड एमएमची वायर बस (मुख्य वीजवाहिनी) म्हणून फिरवा आणि दर तीनेक फुटांवर रुळांना जोड द्या. मग पाच रुपयांचं नाणं रुळांवर आडवं टाकून बघा. लेआउटवर कुठंही टाकलं तरी सप्लाय लगेच ट्रिप झाला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात झाला नाही तर तिथली वायरिंग कच्ची आहे.

आता प्रोग्रामिंग. नवा डिकोडर ३ नंबरच्या पत्त्यावर येतो, त्यामुळे दोन्ही इंजिनं पुन्हा एकदमच धावतील. शील्डच्या दुसऱ्या आउटपुटला फूटभर सुटा रूळ जोडा, तो प्रोग्रामिंग ट्रॅक. त्यावर एका वेळी एकच इंजिन ठेवा, कारण तिथला हुकूम पत्ता बघत नाही. जे उभं असेल ते बदलतं. लॅपटॉपवर जेएमआरआय हे मॉडेल रेल्वेचं सॉफ्टवेअर टाकलं की त्यातल्या डिकोडरप्रोमध्ये पत्ता लिहिता येतो, सीव्ही (डिकोडरमध्ये साठवलेल्या सेटिंगचे आकडे) १७, १८ आणि २९ चं गणित ते स्वतः करतं. आपल्या इंजिनांचे नंबर पाच आकडी आणि डीसीसीचा पत्ता जास्तीत जास्त १०२३९, तेव्हा शेवटचे चार आकडे घ्या.

सीव्ही वाचता येत नाही ही तक्रार सगळेच करतात. डिकोडर उत्तर देतो तो मोटरमधून क्षणभर ६० मिलिअँपिअर जादा ओढून. म्हणजे मोटर जोडलेली नसेल किंवा चाकं मळलेली असतील तर उत्तर येणारच नाही. सांगलीच्या धुळीत चाकं लवकर काळी पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या, पॉलिश पेपर अजिबात नको.

खरी मजा सीव्ही २, ३ आणि ४ मध्ये आहे. सीव्ही २ इतकाच वाढवा की पहिल्या स्टेपला इंजिन जेमतेम हलेल. सीव्ही ३ म्हणजे वेग धरायचा वेळ: आकड्याला ०.८९६ ने गुणलं की थांबल्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. मालगाडीला २० द्या, जवळपास १८ सेकंद. आमच्याकडे पाहुण्यांना धीर नसतो, पण मालगाडी अशीच निघायला हवी. सीव्ही ४ थांबण्यासाठी. तो जास्त ठेवलात तर फलाट ओलांडून पुढं जाल.

मोबाइलवर चालवायचं तर जेएमआरआयचा वाय-थ्रॉटल सर्व्हर सुरू करून अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर ॲप घ्या.

मिरजेला जुनी बार्शी लाइट ही छोट्या गेजची रेल्वेही दाखवणार असाल तर ७६२ मिलिमीटरचा गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. मात्र त्या इंजिनांत जागाच नसते, तेव्हा डिकोडर मागवण्याआधी आतली पोकळी पट्टीने मोजा.