गाठ चमकली म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिच्या आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पुण्यात त्यांचा कोलीन पेट स्कॅन झाला. जांघेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) चमकत होत्या, तरी रिपोर्टमध्ये ‘बहुधा सुजेमुळे’ असं लिहिलंय. हे कसं ठरवतात, म्हणून ती मागेच लागली आहे. तिला हेच शिकायचंय. हे मशीन चालवण्याचं काम आहे का?
– एक पालक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : मशीन चालवणारा वेगळा, रिपोर्ट लिहिणारा वेगळा. मुलीला पडलेला प्रश्न न्यूक्लिअर मेडिसिनच्या (किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करणाऱ्या) डॉक्टरांसमोर रोज असतो. तिने नेमकं बोट ठेवलंय, हे आधी तिला सांगा.

या स्कॅनमध्ये किरणोत्सारी अणू जोडलेलं कोलीन टोचतात; ते जिथे जास्त जमतं, ती जागा चमकते. पेशीला आपलं आवरण बांधायला कोलीन लागतं. कॅन्सरच्या पेशींत कोलीन कायनेज हे एन्झाइम जास्त काम करतं, म्हणून त्या कोलीन जास्त ओढतात. पण सुजलेल्या गाठीही ओढतात. यकृत, स्वादुपिंड, लाळग्रंथी तर निरोगी माणसातही चमकतात. त्यामुळे गाठ कुठे आहे, केवढी आहे, दोन्ही बाजूंना सारखी आहे का, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन) किती, हे सगळं जुळवावं लागतं. हा कॅन्सर सहसा आधी ओटीपोटातल्या गाठी धरतो. तिथे काहीच नाही आणि दोन्ही जांघांत फिकट चमक आहे, तर सुजेचीच शक्यता जास्त. उलट पीएसए कमी असताना स्कॅन कोरा आला, तरी कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही.

यासाठी नीट परीक्षा, एमबीबीएस आणि मग तीन वर्षांचं एमडी न्यूक्लिअर मेडिसिन. एमबीबीएस सोलापुरातल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजातही होतं. वाट लांब आहे. डॉक्टर व्हायचं नसेल, तर बीएस्सीनंतर न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम करून मशीन चालवणारा टेक्नॉलॉजिस्ट होता येतं.

फिजिक्स कच्चं ठेवू नका. तिला एक गणित घाला : कोलीनमधल्या किरणोत्सारी कार्बन-11 चा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा वेळ) सुमारे 20 मिनिटं. पुण्याहून सोलापूरला चार तास धरले तर किती उरेल? चार हजारांतला जेमतेम एक भाग! म्हणून ते कोलीन सायक्लोट्रॉनच्या (असे अणू तयार करणाऱ्या यंत्राच्या) शेजारीच वापरावं लागतं. कोलीनला फ्लोरिन-18 जोडलं, तर त्याचा अर्धायुकाल 110 मिनिटं; त्याचा पाचवा हिस्सा तरी पोचेल.

मात्र फक्त कोलीनवर स्वप्न बांधू नका. अमेरिकेत 2012 मध्ये कार्बन-11 कोलीनला मान्यता मिळाली. आता प्रोस्टेटसाठी पीएसएमए स्कॅनने (प्रोस्टेट पेशींवरचं एक प्रथिन शोधणाऱ्या) त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. त्यातही निरोगी लाळग्रंथी चमकतातच. ती शिकून बाहेर पडेल तेव्हा औषध कदाचित तिसरंच असेल, तिचा प्रश्न मात्र हाच राहील.

आजोबांच्या पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना तिलाच विचारू द्या.